सुई दोन बोटे वर गेली तर…

लस टोचून घेतली की दंड दुखतो, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची 'टीडी' लस घेतलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. त्या दिवशी दप्तर दुसऱ्या खांद्यावर जाते. मित्राने सहज थाप मारली तरी 'आई गं!' होते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. दोन-तीन दिवस गेले, की कोणत्या हाताला सुई टोचली होती हेसुद्धा आठवेनासे होते.

पण फार थोड्या माणसांच्या बाबतीत हे दुखणे असे जात नाही. आठवडा जातो, महिना जातो, कधी कधी वर्षही उलटते आणि दुखणे तसेच राहते. मौज अशी, की नीट विचारले तर ही माणसे दंडावर बोट ठेवत नाहीत, खांद्यावर ठेवतात. हात वर करायला सांगितला तर तो अर्ध्यावर अडतो. पहिल्या दुखण्याचे हे केवळ लांबलेले रूप नाही. ते वेगळ्याच जागी आणि वेगळ्याच कारणाने होणारे दुखणे आहे. ते कारण शोधताना शरीररचना तर कळतेच, पण 'दोष कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर विज्ञान कसे शोधते, हेही कळते.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात येते. कापूस, तूर, ऊस आणि मोसंबी यांचा हा मुलूख. समजा, या गावातील एका काकूंना गवत कापताना विळा लागला आणि त्यांनी धनुर्वाताची सुई घेतली. घाई होती. पदर थोडा बाजूला सारून, बाही वर न करता, वरच्या वर खांद्यालगत सुई टोचली गेली. त्या रात्रीच खांदा ठणकू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्यांना वेणी घालता येईना, फडताळावरचा डबा काढता येईना, आणि मोसंबीच्या झाडाची वरची फांदी तर दूरच राहिली. शेजारीण म्हणाली, "औषधच खराब असणार. म्हणून मी सुई घेत नाही." काका म्हणाले, "सुईचे निमित्त गं. वय झाले, खांदा धरला." दोघांच्याही बोलण्यात ठाम विश्वास होता आणि दोघांपैकी कोणीही काहीच तपासले नव्हते! आपण तपासून पाहू.

आधी नेहमीचे, दोन दिवसांचे दुखणे घेऊ. लसीचा एक डोस बहुधा अर्धा मिलिलिटर, म्हणजे साधारण दहा थेंब असतो. धनुर्वाताच्या लसीत त्या जंतूचे विष निष्प्रभ करून घातलेले असते, फ्लूच्या नेहमीच्या लसीत मारलेल्या विषाणूचे भाग असतात. या परक्या पदार्थाला प्रतिजन म्हणतात. तो स्नायूत शिरताच पहाऱ्यावरच्या पेशी धोक्याचा इशारा देतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. दाहाची ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत, आणि दोन हजार वर्षांत त्या यादीत फारशी भर पडलेली नाही. हा दाह लसीचे कामच आहे म्हणा ना. त्यातूनच पुढे प्रतिपिंडे तयार होतात. धनुर्वाताच्या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार मिसळलेला असतो. तो हा दाह मुद्दाम थोडा वाढवतो, म्हणून ती सुई अधिक ठणकते.

स्नायूच का निवडतात? स्नायूला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. आलेला माल तेथून लवकर उचलला जातो आणि दाहही लवकर ओसरतो. हीच लस कातडीखालच्या चरबीत राहिली, तर तेथे कित्येक दिवस गाठ राहू शकते. तेव्हा लस कोणत्या थरात पोचते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

आता खांद्याकडे वळू. शरीरात याच्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा पुढेमागे होतो, खांदा मात्र चहूबाजूंना फिरतो. ही मोकळीक मिळते ती सांध्याच्या रचनेमुळे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल आहे. ते ज्या खळग्यात बसते, तो खळगा मात्र अगदी उथळ आणि लहान. मोठी मोसंबी चहाच्या लहान बशीत ठेवावी, तसा हा प्रकार! मोसंबी घरंगळू नये म्हणून तिला चारी बाजूंनी धरून ठेवावे लागते. हे काम चार लहान स्नायूंचे चिवट पट्टे करतात. अशा पट्ट्यांना कंडरा म्हणतात, आणि या चौघांच्या वेढ्याला डॉक्टर रोटेटर कफ असे नाव देतात. या सगळ्यांवर जाड शालीसारखा पांघरलेला असतो तो डेल्टॉइड स्नायू. ग्रीक लिपीतील डेल्टा हे अक्षर त्रिकोणी असते, त्यावरून हे नाव पडले. त्रिकोणाचा पाया वर खांद्याशी आणि टोक खाली दंडाच्या मध्यावर. लस टोचतात ती याच स्नायूत.

या त्रिकोणाच्या पायाशी, खांद्याच्या अगदी कडेला, हाडाचे एक चपटे टोक हाताला लागते. पाठीमागच्या खवाट्याच्या हाडाचाच तो पुढे आलेला भाग. त्याला अंसकूट म्हणतात. हात वर करताना कंडरा या टोकाखालून सरकतात. हाड आणि कंडरा एकमेकांवर घासले तर काय होईल? वंगण नसलेल्या बैलगाडीच्या आखाचे जे होते तेच. म्हणून निसर्गाने तेथे एक पातळ पिशवी ठेवली आहे. दुधाची रिकामी पिशवी आतून थोडी ओली असली की तिच्या दोन बाजू एकमेकींवर सहज सरकतात, तशी ही पिशवी. तिला बर्सा म्हणतात, आपण वंगणपिशवी म्हणू. कुंभार चाकावरच्या गोळ्याला हात लावण्यापूर्वी बोटे पाण्यात बुडवतो. पाण्याच्या त्या पातळ थरावरच माती बोटांखालून सरकते. बोटे कोरडी पडली, की माती ओढली जाते आणि घडा बिघडतो. खांद्यात तो ओला थर ही पिशवी पुरवते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही पिशवी फक्त हाडाच्या टोकाखाली दडलेली नाही. ती टोकाच्या पुढे, डेल्टॉइड स्नायूच्या खाली बरीच उतरलेली असते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला जो भाग निखळ स्नायूचा वाटतो, त्याच्या वरच्या हिश्शात आत पिशवी पसरलेली असते.

हे सारे शरीररचनेच्या पुस्तकांत आधीपासून होते. पण लस टोचणे आणि ही पिशवी यांची सांगड घालण्याचे काम बरेच उशिरा झाले. अमेरिकेतील बोडोर आणि मोंटाल्व्हो या दोन डॉक्टरांनी २००७ साली 'व्हॅक्सिन' या नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. फ्लूची आणि न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस घेतल्यानंतर त्यांचे खांदे दुखू लागले होते आणि हातातील जोर कमी झाला होता. दोघांनाही सुई दंडावर फार वर टोचलेली होती. या डॉक्टरांनी सोनोग्राफीने वंगणपिशवीचे माप घेतले. अंसकूटाच्या कडेपासून ती सुमारे ३ ते ६ सेंटीमीटर खाली पसरलेली आढळली, आणि कातडीपासून तिची खोली भरली साधारण ८ ते १६ मिलिमीटर.

आता तुम्हीच गणित करा. मोठ्या माणसाला लस टोचण्याची सुई सर्वसाधारणपणे २५ मिलिमीटर लांब असते. ती वरच्या भागात पूर्ण आत गेली, तर १६ मिलिमीटर खोलीवरची पिशवीसुद्धा तिच्या टप्प्यात येते. जे दहा थेंब स्नायूत पडायचे, ते पिशवीत किंवा तिच्या भोवती पडतात. कृश दंडात तर स्नायूचा थरच पातळ, म्हणजे धोका थोडा अधिक.

२०१० साली अमेरिकेतच आणखी १३ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. बहुतेकांचे दुखणे लस घेतल्यापासून एका दिवसाच्या आत सुरू झालेले होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी आपणहून सांगितले होते, की सुई 'फार वर' टोचली. रुग्णाच्या बोलण्यात रोगाचे कारण असे उघड पडलेले असते. ऐकणारा मात्र हवा! तेव्हापासून या विकाराला 'लस टोचण्याच्या क्रियेमुळे होणारी खांद्याची इजा' अशा अर्थाचे नाव मिळाले. नावात दोष लसीला दिलेला नाही, टोचण्याच्या क्रियेला दिलेला आहे, हे पाहून ठेवा.

तरीही एक शंका उरते. पिशवीत सुई गेली म्हणून महिनोन्‌महिने दुखावे का? खांद्याच्या दुखण्यावर उपचार म्हणून डॉक्टर स्वतःच त्या पिशवीत सुई घालून औषध सोडतात. त्याने तर बरे वाटते. म्हणजे सुईचे भोक हे कारण पुरेसे नाही. सुईतून काय गेले, हेही पाहिले पाहिजे.

याचा धागा सापडतो तो सशांवरील प्रयोगांत. १९०३ साली मॉरिस आर्थस या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांना घोड्याच्या रक्तातील द्रव पुन्हा पुन्हा टोचला. पहिल्या काही वेळा विशेष घडले नाही, पण पुढच्या वेळी टोचलेली जागा भयंकर सुजू लागली. सशाच्या रक्तात आता त्या द्रवाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होती. प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची जागच्या जागी गाठ पडून दाह पेटत होता. पुढे १९६२ साली ड्यूमाँड आणि ग्लिन यांनी एक पाऊल पुढे टाकले. आधी एका प्रथिनाविरुद्ध सशाची प्रतिकारशक्ती जागवायची आणि मग तेच प्रथिन त्याच्या गुडघ्याच्या सांध्यात सोडायचे. सांध्याला जी सूज आली, ती दीर्घकाळ टिकली. स्नायूत रक्त खेळते असते, तेथून प्रतिजन वाहून जाते. सांध्याच्या बंदिस्त जागेत आणि आसपासच्या चिवट ऊतींत ते चिकटून राहते, आणि ते असेतोवर दाहाला सरपण मिळत राहते.

आता काकूंकडे पाहा. आपल्याकडे विळा लागला, खिळा टोचला, की धनुर्वाताची सुई घेण्याची पद्धत आहे. त्याआधी गरोदरपणातही ती घेतलेली असते. म्हणजे त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर. परदेशात वयस्क माणसे दरवर्षी फ्लूची लस घेतात, त्यांचेही तसेच. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी करावी लागते. अशा शरीरात लस नेमकी पिशवीत पडली, तर दाह रेंगाळण्यास सगळी अनुकूलता असते. शास्त्रज्ञांचा सध्याचा तर्क असा आहे. हा तर्क आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. माणसाच्या खांद्यावर असा प्रयोग कोण करणार?

पण काकांचे काय? त्यांचे म्हणणे झटकून टाकता येईल का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असे जगात पुष्कळ घडते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान काही लोकांचा खांदा काही कारण नसताना आखडतो. सांध्याभोवतीचे आवरण आकसते. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत हे अधिक आढळते. उतारवयात कित्येकांच्या कंडरा झिजलेल्या असतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा लाखो माणसांना लस दिली, तर त्यांतील काहींचा खांदा त्याच आठवड्यात धरणार, हे उघड आहे. लस दिली नसती तरी धरला असता. त्यामुळेच अस्थिरोगतज्ज्ञांपैकी काही जण बजावतात, की एमआरआयमध्ये कंडरा फाटलेली दिसली, की लगेच तिचे खापर सुईवर फोडू नका.

कावळा खरा की फांदी खरी, हे ठरवायचे कसे? मोजून. अमेरिकेत २०१६-१७ च्या हंगामात फ्लूची लस घेतलेल्या सुमारे ३० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीनंतर लगेचच्या तीन दिवसांत वंगणपिशवीचा दाह किती जणांना सुरू झाला, आणि त्याच लोकांत पुढच्या काळात, म्हणजे सुईचा संबंध उरला नसताना, तो किती जणांना झाला, याची तुलना केली. लगेचच्या दिवसांतील संख्या खरोखरच जास्त भरली. दर दहा लाख लोकांमागे सुमारे आठ जादा. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. अख्ख्या जिल्ह्याला त्याच कौशल्याने लस टोचली, तर असे पंधरा-सोळा खांदे धरतील. अर्थात हा आकडा तेथील टोचणाऱ्यांच्या हाताचा आहे. हात बदलला की आकडा बदलणारच.

तर या हिशोबाने शेजारीणही पूर्ण बरोबर नाही आणि काकाही नाहीत. वय हे कारण असू शकते. पण खांदा आधी अगदी धडधाकट होता, दुखणे ४८ तासांच्या आत सुरू झाले, ज्या हाताला सुई टोचली त्याच खांद्यात ते राहिले आणि हाताची हालचाल कमी झाली, असे सगळे जुळले, तर सुईकडे बोट दाखवायला जागा आहे. अमेरिकेने २०१७ साली साधारण याच कसोट्या लावून या इजेला सरकारी भरपाईच्या यादीत स्थान दिले. तेथे लसीच्या प्रत्येक डोसावर थोडासा कर घेतात आणि त्या निधीतून भरपाई देतात. कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता तक्रारीची तड लावायची ही रीत मला तरी शहाणपणाची वाटते. तक्रार ऐकली जाणार असेल, तर लोक अफवेकडे कमी वळतात.

लस चांगली, पण हात चुकला, याची जबर किंमत मोजावी लागल्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने येथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि तो बरा झाला. लस हजारो लोकांना दिली जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना ती टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर केले गेले.

पण पुरावा काही वेगळेच सांगत होता. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. त्या एका बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली परळला भरतानाच दूषित झाली असती, तर मधल्या काही आठवड्यांत जंतू वाढून तिला घाण वास यायला हवा होता. उघडताना तसा वास आला नव्हता. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे जगापुढे मांडले. हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले. तीच आजची हाफकिन संस्था.

आज लसीनंतर काही त्रास झाला, तर आरोग्यखाते त्याचे कारण पाच रकान्यांत शोधते. लसीतील घटकाचा परिणाम, कारखान्यात राहिलेला दोष, लस देण्यातील चूक, सुईची भीती, आणि निव्वळ योगायोग. मुलकोवाल तिसऱ्या रकान्यात जाते. धरलेला खांदाही बहुधा तिसऱ्यातच. त्यामुळे 'लसीने त्रास झाला' असे एका वाक्यात म्हणणे म्हणजे पाचही रकाने एकात ओतणे होय. भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. ते याच सुईच्या आणि स्वच्छ बाळंतपणाच्या बळावर. एका खांद्यामुळे गावाने सुईच नाकारली, तर विळा आणि माती यांच्यातले जंतू काही संपावर जाणार नाहीत.

मग सुई नेमकी कोठे हवी? अंसकूट चाचपून घ्यायचे, त्याखाली दोन ते तीन बोटे सोडायची, आणि काखेच्या पातळीच्या वर राहायचे. त्या पट्ट्यात, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, स्नायू सर्वांत जाड असतो. फार खाली किंवा मागे गेलेलेही चालत नाही, कारण हाडाला वळसा घालून मज्जातंतू तेथून जातात. वर पिशवी, खाली मज्जातंतू. मधली जागा काही फार ऐसपैस नाही. सुई कातडीशी काटकोनात हवी. टोचणारा उभा आणि घेणारा बसलेला असला, की हात आपोआप वरच्या बाजूला पडतो, म्हणून दोघांनीही बसावे. पण खरा घोटाळा होतो तो कपड्यांमुळे! घट्ट बाही वर सरकत नाही, मग गळ्याकडून शर्ट खाली ओढतात. उघडा पडतो तो नेमका खांद्याचा माथा, आणि सुई तेथेच जाते. लसीकरणाच्या दिवशी सैल बाहीचा सदरा घालून जा. बाही वर जात नसेल तर हात बाहीतून सरळ बाहेर काढा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. शिक्षकांनी मुलींसाठी आडोशाची सोय केली, तर निम्मे काम झाले. हात सैल सोडून बसा. मूठ आवळली की स्नायू ताठ होतो आणि अधिक दुखते.

आणि एवढे करूनही खांदा धरलाच तर? दोन-तीन दिवस दुखले तर काळजीचे कारण नाही. हात हलवत राहावा, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. आठवडा उलटला तरी हात वर जात नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. सुई कोणत्या तारखेला घेतली, दुखणे किती तासांनी सुरू झाले, आणि टोचल्याची खूण कोठे होती. जेथे लस घेतली तेथेही कळवावे. अशा तक्रारी तपासण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. बहुतेकांना वेदनाशामक औषधे आणि शिकवलेले व्यायाम यांनी उतार पडतो, काहींना पिशवीत दाहशामक औषध सोडावे लागते. क्वचित शस्त्रक्रियेची पाळी येते. दुखते म्हणून हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवणे मात्र टाळावे. न हलवलेला खांदा अधिकच आखडतो, आणि मग मूळ दुखणे कोणते आणि आखडल्याचे कोणते, हे डॉक्टरांनाही सांगणे कठीण जाते.

हे वाचून झाल्यावर वर्गात एक प्रयोग करा. सुई नको, पट्टी आणि पेन पुरे. डाव्या खांद्याच्या कडेवर उजव्या हाताची बोटे फिरवा, म्हणजे हाडाचे टोक संपून मऊ स्नायू सुरू होतो ती जागा लागेल. तेथे पेनाने बारीक खूण करा. तिच्याखाली तीन बोटे आडवी ठेवून दुसरी खूण करा आणि अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर लिहा. कोणाची तीन बोटे चार सेंटीमीटर भरतील, कोणाची साडेपाच. मग शिक्षकांना त्यांच्या बोटांनी तुमच्याच दंडावर मोजायला सांगा आणि आकडा किती बदलतो ते पाहा. 'बोट' हे माप कोणाचे धरायचे, टोचणाऱ्याचे की टोचून घेणाऱ्याचे, यावर वर्गात वाद होऊ द्या. वाद घालताना बोडोर आणि मोंटाल्व्हो यांचे ३ ते ६ सेंटीमीटर हे आकडेही फळ्यावर लिहून ठेवा.